हॉलच्या तुळया कुठल्या लाकडाच्या घ्याव्यात? (दापोलीजवळचं घर)

कोकणवारा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातलं आमचं जुनं घर निसर्ग वादळात गेलं. ३ जून २०२० ला दुपारी आढ्यासकट अर्धं छप्पर शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडलं. पुढची काही वर्षं ताडपत्री आणि भाऊबंदकी यांतच गेली. आता कुठे नवीन घर उभं राहतंय. चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत आल्यात आणि मेस्त्री रोज विचारतोय, "साहेब, वरचं काय ठरलं?"

वरचंच ठरत नाहीये. हॉल आतून १६ फूट रुंद आणि २२ फूट लांब. त्यावर लाकडी माळा, माळ्यावर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर. माळ्याच्या तुळया हॉलमधून उघड्या दिसाव्यात अशी फार इच्छा आहे. जुन्या घरात उताणं पडून त्या मोजत झोपायचो, तेवढंच कारण. चार पर्याय समोर आलेत:

साग: साडेतीन हजार रुपये घनफूट सांगितलाय, लांब नग हवा तर त्याहून जास्त.
ऐन किंवा किंजळ: चौदाशे.
लोखंडी बॉक्स आणि त्याला लाकडासारखं आवरण.
सरळ स्लॅब ओता आणि वर शोभेला कौलं चिकटवा (हा सल्ला सख्ख्या मेहुण्याचा).

शिवाय वादळात पडलेला फणस अजून परड्यात आडवा आहे. चांगला दोन माणसांच्या कवेचा बुंधा. त्याच्या तुळया निघतील का? जाणकारांनी सांगावं. कौलारू घर बांधणं हा मूर्खपणा आहे असं ज्यांचं मत आहे, त्यांनी ते मत मेहुण्याला कळवावं, तो खूश होईल.

एकदाचा_स्लॅब
मेहुणा बरोबर आहे. वानरं आली की कौलांचा भुगा. आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी वैतागून पत्रे घातले.

सुतारपक्षी
वानरांचा प्रश्न तुळयांना विचारून काय उपयोग. वेगळा धागा काढा.

@कोकणवारा, आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम. मी स्वतः बँकेत नोकरी केली, पण रंधा हातातून सुटलेला नाही. आधी फणसाचं बोलू. एवढी वर्षं मातीला टेकून पडलाय म्हणजे खालची बाजू वाळवीनं घेतली असणार. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं (मागच्या बोथट बाजूनं) टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. खणखणीत वाजला तर ठीक, बदबद वाजला तिथे आत पोकळ. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. त्याच्याभोवतीचं पांढरं मात्र किड्यांचं जेवण. ते निर्दयपणे काढून टाका. पण १६ फूट सरळ तुळई फणसातून निघणं कठीण. सहा-सात फुटांवर फांद्या फुटलेल्या असतात. त्याच्या माळ्याच्या फळ्या पाडा, जिन्याच्या पायऱ्या करा. आज हळदीसारखा पिवळा दिसेल, दहा वर्षांत तपकिरी-लाल होईल.

बर्फातला_कांदा
आमच्या मिनेसोटात असल्या मोठ्या गाळ्याला (दोन टेकूंमधल्या अंतराला) सर्रास ग्लूलॅम वापरतात. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून दाबून केलेली तुळई. पीळ पडत नाही, भेगा जवळजवळ नाहीत, हवी ती लांबी. तिकडे मिळत नाही का?

कोकणवारा
@बर्फातला_कांदा, मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "म्हंजे प्लायवूडच ना?" विषय तिथेच मिटला.

गणिती_मांजर
मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. कोणतं लाकूड हा तुमचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न १६ फूट.

माळ्यावर माणसं चढणार, सामान राहणार. राहत्या घराच्या मजल्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलोचा चल भार धरतात, त्यात फळ्या आणि तुळईचं वजन मिळवून मी २५० धरते. २२ फुटांत तीन तुळया टाकल्या तर दोन तुळयांमध्ये साडेपाच फूट. या हिशेबानं १६ फुटांच्या गाळ्याला सागाची ५ इंच बाय १० इंच तुळई लागते, आणि ती पूर्ण भाराखाली मध्यात सुमारे १८ मिलिमीटर वाकते. गाळ्याचा २४० वा भाग म्हणजे साधारण २० मिलिमीटर ही मर्यादा. म्हणजे पास झाली, पण काठावर. वरून कोणी धावलं की तुम्हाला खाली कळणार.

भिंतीत दोन्हीकडे सहा-सहा इंच टेकू धरून नग १७ फुटांचा. १७ × ५ × १० भागिले १४४, म्हणजे ५.९ घनफूट. तीन नगांचे पावणेअठरा घनफूट, तुमच्या भावानं बासष्ट हजार. आणि १७ फूट लांब, बिनगाठीचा, सरळ, पूर्ण गाभ्याचा सागाचा नग तुम्हाला साडेतीन हजारांत कोणी देणार नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी: तेवढाच पसरलेला भार असताना गाळा दुप्पट केला तर तुळई सोळा पट वाकते. उलटंही खरं आहे. मध्ये आधार दिलात तर प्रश्न एकदम लहान होतो.

कोकणवारा
मध्ये आधार म्हणजे हॉलमध्ये खांब? घरातून आत्ताच नकार आलाय. "सोफ्यासमोर खांब ठेवणार असशील तर मी डोंबिवलीलाच बरी आहे."

एकदाचा_स्लॅब
वहिनींना माझा पाठिंबा.

माडाखाली
चौरस मीटरला २०० किलो? माळ्यावर काय हत्ती बांधणार आहेत का? उगाच इंजिनियर लोक घाबरवतात.

ओटीवरून
@माडाखाली, तू बहुतेक कोकणात मे महिन्यात गेला नाहीस. माळ्यावर एका बाजूला नारळांचा ढीग, दुसरीकडे भाताची पोती, आणि गवत पसरून आंब्याची आढी. त्यात पाव्हण्यांची पोरं झोपायला वर. आमच्या सासूबाई म्हणायच्या, आढी लागली की आढं कुरकुरतं. इंजिनियर बाई बरोबर सांगतायत.

आणि लोखंडाचं माझ्याकडून ऐक, कोकणवारा. गुहागरला आमच्या मागच्या पडवीला दहा वर्षांपूर्वी लोखंडी बॉक्स टाकले. फॅब्रिकेटर ओळखीचाच, नाव कशाला घेऊ. त्यानं टोकं उघडी ठेवली आणि वरून लाल प्रायमरचा एक हात मारून मोकळा झाला. उघड्या टोकांत कुंभारमाशीनं घरं केली, पावसाचं पाणी आत गेलं ते आतच राहिलं. सहाव्या वर्षी बाहेरून रंग छान आणि मधोमध बोट लावलं तर पापडासारखं आत गेलं. गंज आतून आला. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, खारा वारा काही सोडत नाही. लोखंड घेणारच असाल तर गॅल्व्हनाइज्ड घ्या. टोकं झाकणी लावून वेल्डिंगनं पूर्ण बंद करायला लावा आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा प्रायमर आपण समोर उभं राहून मारून घ्या. समोर उभं राहून, हे महत्त्वाचं. मी त्या दिवशी लग्नाला गेले होते.

माडाखाली
काकू, शरण. नारळ विसरलो होतो.

पेठकरीण
लाकूड पेटतं हे कोणी बोलत नाहीये. शनिवारवाडा १८२८ साली आठवडाभर जळत होता.

गणिती_मांजर
जळाला, खरं आहे. पण जाड तुळई आणि काडेपेटीतली काडी यांत फरक आहे. जाड लाकूड वरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला थोडं झाकतो. मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आत-बाहेर. उघडं लोखंड साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवतं आणि लोळतं. आगीच्या भीतीनं लोखंड घेणं हा काही फार हुशार सौदा नाही. वायरिंग पाइपातून करा आणि तुळईला खिळे ठोकून वायर नेऊ नका, ते जास्त उपयोगाचं.

खणाचंघर
मी लातूरचा, औसा तालुका. आमच्याकडे कौलं नाहीत, माळवद असतं. तुळया, त्यावर किलचण (लाकडाच्या पट्ट्यांचा थर), त्यावर हात-दीड हात माती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमची चुलत आत्या किल्लारीजवळ दिलेली. तिच्या घराच्या दगडी भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या, पण माळवद जागेवर राहिलं, कारण तुळया भिंतीवर नव्हत्या, सागवानी खांबांवर होत्या. खणाचं घर म्हणतात त्याला. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घर किती खणांचं, यावरून माणसाची ऐपत कळायची. शेजारच्या घरात तुळया नुसत्या दगडमातीच्या भिंतीवर टेकवलेल्या. भिंत गेली, सगळी माती खाली आली. त्या घरातलं कोणी राहिलं नाही.

तुमच्या घराला मातीचा भार नाही हे कळतं. तरी तुळई कशावर बसणार हे मी लाकडाच्या जातीच्या आधी विचारलं असतं. आणि खांबाचं म्हणाल तर जुने लोक मूर्ख नव्हते. त्यांना १६ फूट लाकूड मिळत होतं. त्यांनी तरी खण पाच-सहा फुटांचाच ठेवला.

कोकणवारा
@खणाचंघर, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. धन्यवाद.

आमच्या जुन्या घरातसुद्धा खांब होते, आता आठवतंय. ओटी आणि माजघर यांच्या मध्ये, रांगेत. आम्ही त्यांना धरून गोल फिरायचो. मी तुळयाच मोजत राहिलो, खांब विसरलो.

गणिती_मांजर
मग सुटलंच की! हॉलच्या मध्यात नको. दाराच्या बाजूनं सहा फुटांवर तीन खांबांची रांग घ्या, प्रत्येक तुळईखाली एक. दाराकडची सहा फुटांची पट्टी आतली ओटी होते, पलीकडे दहा फुटांची बैठक. सोफा खांबांना पाठ करून ठेवा, वहिनींना खांब दिसणारही नाहीत.

आता मोठा गाळा दहा फुटांचा. त्याला ४ बाय ८ भरपूर झाली, मध्यात सात मिलिमीटरच्या आत वाकेल. आणि ४ बाय ८ उभी बसवा, म्हणजे ८ इंचांची बाजू उभी. आडवी टाकलीत तर तेच लाकूड चौपट वाकेल. हे हसण्यावारी नेऊ नका. मी स्वतः एका बंगल्यात तुळया आडव्या टाकलेल्या पाहिल्यात, कारण मालकाला त्या खालून "रुंद" दिसायला हव्या होत्या.

लाकूड घनफुटांत काढा: साडेदहा फुटांचा नग २.३३ घनफूट. आणि या मापात तुम्हाला सागच हवा असा हट्ट राहत नाही.

वखारीतला
आमची लाकडाची वखार आहे, कुठे ते सांगत नाही, जाहिरात वाटेल. ४ बाय ८, साडेदहा फूट, ऐन किंवा किंजळ आरामात मिळेल. दोन्ही सागाहून बरेच जड आणि कडक. खिळा आधी भोक न पाडता ठोकलात तर खिळा वाकेल किंवा लाकूड चिरेल. ऐनाला वाळताना भेगा जातात, त्याची तयारी ठेवा. साग वाळताना शहाणा वागतो, पैसे त्याचेच आहेत.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, नगाच्या टोकाकडून: गाभा किती, पांढरं किती. कोपऱ्यांवर पांढरं ठेवून माप भरून देणारे आहेत, आमच्या धंद्यात. दोन, वजन. ओला नग उचलताना कळतो. हवेत वाळायला इंचाला वर्ष असा ठोकताळा आहे, म्हणजे ४ इंचाचा नग पूर्ण वाळलेला तुम्हाला मिळणारच नाही. निदान सहा महिने सावलीत, खाली-मध्ये पट्ट्या टाकून रचलेला तरी घ्या. तीन, कागद. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही सगळी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं. बिलाबरोबर वाहतूक परवाना मागा. तुमचा तो फणससुद्धा मिलवर न्यायचा तर आधी वनपालाला भेटा. पडलेला असला, तुमच्या परड्यातला असला, तरी रस्त्यावर गाडी अडवली की कागदच बोलतो.

पेठकरीण
जुन्या वाड्याचं लाकूड का नाही घेत? पुण्यात वाडे पाडतात तेव्हा कडीपाटाचा (कड्या-फळ्यांच्या छताचा) साग निघतो, शंभर वर्षं वाळलेला. आम्ही मुळशीच्या घराला तोच वापरला. वास अजून येतो.

वखारीतला
लाकूड उत्तम, वाद नाही. पण आतला एक खिळा माझ्या करवतीचं पातं खातो, म्हणून बरीच मिलं जुनं लाकूड कापायला घेत नाहीत. आणि जुन्या तुळयांना खाचा-भोकं असतात. भोक मध्यावर खालच्या अंगाला असेल तर ती तुळई दारात शोभेला उभी करा, छताला नको.

सुतारपक्षी
वखारीतला यांनी मनातलं सांगितलं. माझ्याकडून थोडं बसवण्याबद्दल, कारण लाकूड चांगलं घेऊन भिंतीत कुजवलेलं मी फार पाहिलंय.

चिरा पाणी पितो. पश्चिमेच्या भिंतीत तुळईचं टोक थेट चिऱ्यात चिणलंत तर चार पावसाळ्यांत ते टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं, आणि ते भिंतीत असल्यामुळे दिसतही नाही. टोकाखाली काँक्रीटची उशी करा, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा किंवा डांबरी फेल्टचा तुकडा, आणि टोकाच्या तिन्ही बाजूंनी बोटभर हवा सोडा. आमचे वडील टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. लावताना हातमोजे घाला, अंगाला लागलं तर फोड येतात. जळकं इंजिन ऑइल लावा असं कोणी सांगेल. हॉलमध्ये गॅरेजचा वास हवा असेल तर खुशाल लावा. बाकी लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी ब्रशनं दोन-तीनदा, पॉलिशच्या आधी.

खांब जमिनीत पुरू नका. दगडी तळखड्यावर उभे करा.

गणिती_मांजर
आणि छप्पर खाली बांधा, हे राहूनच चाललं होतं. निसर्ग वादळाचा वारा ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या घरात होता. अशा वेळी छप्पर वरून दाबत नाही, वारा ते वर ओढतो. जुन्या घरांत वासे नुसते खिळ्यांनी धरलेले, खिळा सरळ वर उपटतो. भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओताल त्यातच जे-बोल्ट (खालून इंग्रजी J सारखे वाकवलेले) सोडा, त्यांवर लाकडी बैठक, म्हणजे वाशांखालचं आडवं लाकूड, आवळा, आणि प्रत्येक वासा त्या बैठकीला गॅल्व्हनाइज्ड पट्टीनं बांधा. पागोळीची कौलंसुद्धा तारेनं. पट्टा ओतून झाल्यावर बोल्ट आठवले तर ड्रिल मारत बसाल.

कोकणवारा
पट्टा परवा ओतणार होतो. थांबवलं. मेस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "बोल्टाचं मी बोलणार व्हतो, पन तुमी लाकडाचंच इचारताव."

ओटीवरून
मेस्त्री हुशार आहे. त्याला सांभाळ.

*(साडेपाच महिन्यांनंतर)*

कोकणवारा
धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

तुळया किंजळाच्या घेतल्या, ४ बाय ८. डिसेंबरात आणून पडवीत पट्ट्यांवर रचून ठेवल्या, एप्रिलमध्ये चढवल्या. एक नग उचलायला सहा जण लागले, त्यातले दोघे नुसते सूचना देणारे. खांब सागाचे, तळखडे जुन्याच घराचे, मातीखालून काढले. फणसातून अठरा फळ्या निघाल्या, बाकी बुंधा खालून पोकळ होता, कुऱ्हाडीनं बदबद वाजला तस्साच. मिलवरून येताना माळ्याला पिवळं ऊन पडल्यासारखं दिसणार हे कळलं आणि सौ.नी खांबांबद्दल बोलणं बंद केलं. आता पाव्हण्यांना ती स्वतःच सांगते की खांबांची कल्पना तिची.

वानरांसाठी पागोळीच्या दोन ओळींवर जाळी टाकली. बघू.

एक शंका. मधल्या तुळईला गेल्या आठवड्यात भेग दिसली. बाजूच्या अंगाला, आडवी, साधारण हातभर लांब. आत नाण्याची कड जाते. रात्री "टक्" असा आवाज झाला होता, तीच असावी. घाबरू का?

सुतारपक्षी
भेग रेषांच्या दिशेनं, तुळईच्या लांबीबरोबर जातेय की तिरकी खालच्या कडेकडे उतरतेय? आणि गाठीजवळ आहे का?

कोकणवारा
लांबीबरोबर. गाठ नाही. खालच्या कडेपासून चार बोटं वर.

सुतारपक्षी
मग लाकूड वाळतंय, चिंता नको. भेगेत पुटी, एम-सील काही भरू नका. पावसात लाकूड फुगेल आणि ते भरलेलं भेग आणखी फाडेल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि तारीख लिहा. दिवाळीनंतर बघा. रेघ ओलांडून खालच्या कडेकडे वळली असेल तर फोटो टाका, मी येऊन बघतो. खिळा-पट्टी काही ठोकायला जाऊ नका तोवर.

गणिती_मांजर
सहमत. आणि तुळईखालून आडवा दोरा ताणून मध्यातलं अंतर आत्ताच मोजून ठेवा, माळ्यावर नारळ चढायच्या आधी.

कोकणवारा
दोरा ताणला, मध्यात दोन मिलिमीटर. पेन्सिलीची रेघ मारली, तारीख लिहिली. धाकट्यानं शेजारी स्वतःची उंची लिहायची म्हणून हट्ट केला, पण ती तुळई आहे, तिथे पोचायला शिडी लागते. त्याला मधला खांब दिला.